सर्वांसमोरचे सांत्वन

नात्यातले कोणी गेले की आता ती बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि काही मिनिटांतच 'भावपूर्ण श्रद्धांजली' या दोन शब्दांची रांग लागते. बातमी लवकर कळते, हे चांगलेच आहे. 15 जुलै 2013 रोजी बंद झालेल्या तारसेवेबद्दल कोणी कितीही हळहळले, तरी दारात तारवाला दिसताच घराच्या पोटात उठणारा गोळा कोणाला परत हवा असेल, असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे सांत्वनाविषयी आहे. पत्राच्या मायन्यातच लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, हे ठरून जात असे; 'तीर्थस्वरूप काकूंस' असे लिहिल्यावर पुढचा मजकूर त्या काकूंसाठीच असे. ग्रुपवर काकूंना उद्देशून लिहिलेले वाक्य व्याही, भाचेसुना आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षे अबोला आहे ते चुलतभाऊ, असे सगळेच वाचणार असतात. त्यामुळे काकांनी एकदा गुपचूप आपली फी भरली होती, ही काकूंना सांगण्याजोगी खरी आठवण मनातच राहते आणि सर्वांदेखत शोभेल असे काहीतरी लिहिले जाते.

न लिहिण्याचीही सोय उरलेली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये निळ्या खुणा आल्या, तेव्हापासून संदेश वाचून गप्प राहणे हेच एक उत्तर ठरू लागले आणि 'त्याने वाचले, पण दोन शब्द लिहिले नाहीत' असा नवा रुसवा आपल्या घरांत शिरला. म्हणून माणसे हजेरी लावतात. मे 2022 पासून तर संदेशावर बोट दाबून जोडलेल्या हातांचे चिन्ह उमटवले की तीही लागते. काही जण दिव्याचे आणि फुलांचे तयार चित्र पाठवतात, ज्यावर 'फॉरवर्डेड' ही पट्टी स्पष्ट दिसते. ही पट्टी आली जुलै 2018 मध्ये. त्याच महिन्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले होते. मजकूर मूळ कोणाचा, हे न पाहता तो पुढे ढकलण्याची आपली सवय किती खोल गेली आहे, हे त्या पट्टीवरून शोकसंदेशातही कळते.

तरी दोष सगळा यंत्राचा आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या मावशीला मोबाईलवर लिहिणे जमत नाही. ती ग्रुपवर काही न टाकता, ज्याच्या घरी दुःख आहे त्यालाच स्वतंत्रपणे आवाजातला संदेश पाठवते; त्यात ती मधेच थांबते, नाक पुसते, गेलेल्या माणसाच्या दोन खोड्या सांगते आणि शेवटी जेवलात का म्हणून विचारते. इतके मोकळे तर तिला आंतर्देशीय पत्रातही लिहिता आले नसते. तिचे संदेश धाकटी पिढी दीडपट वेगाने ऐकते, हे मात्र तिला अद्याप कोणी सांगितलेले नाही.