व्हय म्हाराजा : एका भयकथेची जुळवाजुळव

वेंगुर्ल्याकडचं वडिलोपार्जित घर विकायला निघालेले दोन भाऊ, अशी माझी कथा होती. सातबाऱ्यावरची नावं, मुंबईकर धाकट्याची घाई, थोरल्याचा अबोला, सगळं जागच्या जागी होतं. पण घर विकताना या माणसांना आतून जे खात होतं, ते संवादात उतरेना. तेव्हा कथेत भय आणायचं ठरवलं, आणि तेही त्याच मातीतलं.

तळकोकणात घरादाराला राखणदार मानतात. वर्षाकाठी त्याला नारळ ठेवायचा, कुठे रोट, कुठे कोंबडा, आणि गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्यानं म्हणायची विनवणी, घालायचं. भूत म्हटलं की पांढरी साडी आणि मोकळे केस आठवतात, पण देवचार, म्हणजे हा राखणदार, त्यातला नाही. तो शिवेवर फिरतो, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आणि त्याचं देणं थकलं तर आठवण करून देतो. माझ्या कथेतल्या भावांनी ते देणं वडील गेल्यापासून दिलेलंच नाही, एवढं ठरलं आणि कथेला कणा आला. घाबरवायला आता परका कुणी नको होता. घरचाच होता, आणि त्याची बाजू खरी होती.

त्याला दाखवायचं कसं, याचं उत्तर वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला मिळालं. तिथल्या ग्रामदेवाला, वेतोबाला, भाविक केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव त्या घालून रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या वहाणांसमोर मी बराच वेळ उभी होते. चालणारा दिसत नाही, झिजलेला तळ दिसतो. घरी येऊन मी कथेतली काठी, घोंगडी, अंधारातली आकृती, सगळं काढून टाकलं. फक्त खुणा ठेवल्या.

सगळ्यात जास्त वेळ गाऱ्हाण्याच्या प्रसंगाला गेला. गाऱ्हाणं एक जण घालतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. विक्रीच्या आदल्या संध्याकाळी थोरला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. मागे धाकटा, वहिनी आणि मुलगा उभे. पहिल्या दोन वाक्यांना तीन आवाज येतात. तिसऱ्याला चार.

भीतीच्या जागी वाक्यं तोडून तोडून लिहावीत, असं सांगतात. मला ते पटत नाही. तिथे लेखकाचा श्वास वाढलेला वाचकाला ऐकू येतो आणि तो सावध होतो. मी तो प्रसंग हिशेबाच्या वहीसारखा कोरडा लिहिला. ‘भयाण’, ‘जीवघेणी शांतता’, ‘अंगावर सर्रकन काटा’ एकही ठेवलं नाही. कुणी मागे वळून बघत नाही, कुणी काही बोलत नाही. नंतर वहिनी चहाचे कप मांडते तेव्हा एक जास्त मांडते, आणि तो परत ठेवत नाही. माझ्या मते कथेतली खरी भीती त्या कपात आहे, कारण तिथे कळतं की चौथा आवाज सगळ्यांनी ऐकला होता.

मालवणी तपासून घ्यायला कच्चा खर्डा आत्येला वाचून दाखवला. ती म्हणाली, “आख्खा गाराणा लिवू नको हां. ता देवाचा.” मी पहिली दोन वाक्यं ठेवली आणि पुढे फक्त माणसांचे प्रतिसाद लिहिले. प्रसंग त्यानं अधिक गडद झाला, कारण काय मागितलं जातंय ते कळत नाही, होकार तेवढे वाढत जातात.

दिवाळी अंकाच्या संपादकांना शेवटी खुलासा हवा होता: आवाज खरा की अपराधी मनाचा भास? दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत राहाव्यात म्हणूनच मी राखणदाराला खुणांपुरतं ठेवलं होतं, हे त्यांना फोनवर सविस्तर सांगितलं. खुलासा केला असता तर धाकट्याला व्यवहार पुरा करायची किंवा मोडायची आयती सबब मिळाली असती. मला तो निर्णय त्याच्या एकट्याच्या माथी हवा होता. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कथा तशीच छापली.