पाठीत २० मिली निळा रंग

थीसिसचा विषय मॅडमनी सुचवला तेव्हा तो मला अगदीच किरकोळ वाटला होता. इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक, म्हणजे कण्यालगतच्या स्नायूखाली दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन, आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये सर्रास देत होतो, बरगड्या मोडलेल्यांना, स्तनाच्या ऑपरेशनला. २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हा ब्लॉक. सोनोग्राफीत बघत सुई मणक्याच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर, म्हणजे बाजूला आलेल्या हाडाच्या टोकावर, टेकवायची, वरचा स्नायू उचलला गेलेला दिसला की औषध सोडायचं. फुप्फुसाचं आवरण लांब राहतं, त्यामुळे नवशिक्यालाही धीर येतो. पण सुई पाठीत आणि बधिरता छातीला, हे कसं? नसेच्या छातीकडे जाणाऱ्या पुढच्या शाखेपर्यंत औषध जातं का? देहदानातून आलेल्या देहात रंग सोडून ते बघायचं होतं.

एथिक्स कमिटीने दोनदा परत पाठवलं. देहदानाच्या फॉर्मात संशोधनाची संमती आहे का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मग नुसती वाट बघणं. फॉर्मॅलिन भरलेल्या देहात उती ताठरतात, थर सुटत नाहीत. त्यामुळे एम्बाल्मिंगच्या, म्हणजे देहात ते रसायन भरण्याच्या, आधीच बोलावणं यावं लागे. अ‍ॅनाटॉमीच्या मामांचा फोन यायचा, "डॉक्टर, या लवकर." आधी हात जोडायचे, मग देह पालथा करायचा.

इंजेक्शनला दोन मिनिटं लागली. मिथिलीन ब्लू, दोन्ही बाजूंना छातीच्या पाचव्या मणक्यापाशी २०-२० मिली. विच्छेदनाला मात्र अख्खी दुपार गेली, आणि पहिल्या देहात मीच घाण केली. रक्त पुसायला ओलं गॉज फिरवलं आणि रंग सगळीकडे पसरला. खरा कुठला, मी फासलेला कुठला, काही कळेना. उजवी बाजू बाद. पुढे पाण्याला हात लावला नाही. कोरडं गॉज, एकेक थर, प्रत्येक थराचा फोटो. नखं मात्र आठवडाभर निळी होती, मेसमध्ये सगळे विचारायचे.

स्नायूखाली रंग वर-खाली ऐसपैस पसरलेला असे, मागच्या शाखा निळ्याशार. पुढच्या शाखांचं मात्र काही खरं नव्हतं. एका देहात डावीकडे दोन शाखांना फिकट डाग आणि उजवीकडे सगळं स्वच्छ. देह तोच, हात तोच, रंगही तेवढाच. अर्थात मृतदेहाची छाती हलत नाही. श्वासाबरोबर बदलणारा दाब औषध पुढे ओढत असेल, असं सर म्हणाले. ते रंगात दिसणार कसं? शिवाय डाग पडला म्हणजे नस बधिर झालीच असंही नाही.

हल्ली ब्लॉक दिल्यावर मी बर्फ घेऊन पाठ, कूस आणि छाती तिन्हीकडे फिरवते. पेशंट छातीला गार लागतंय म्हणाले, म्हणजे तिथे बधिरता पोचली नसेल, तर वेदनाशामकं आधीच लिहून ठेवते.