एका कागदावर एकच डिपार्टमेंट

वजन उतरवायला माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं त्याबद्दल लिहायला फारसं काही नाही. जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तीन दिवस दवाखान्यात, दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ भात आणि मुगाचं वरण. १०१ किलोची मी आठ महिन्यांत ७२ वर आले. लिहायचंय ते मधल्या पाच आठवड्यांबद्दल, कारण त्यांचा राग अजून उतरलेला नाही.

मला १९व्या वर्षापासून पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा आजार. आता मी ३१ची. वर्षातून तीन-चार वेळा पाळी, हनुवटीवर केस, मानेवर काळा पट्टा. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात गोळी न घेता पाळी आली तेव्हा मी न्हाणीत उभी राहून रडले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. चौथ्या महिन्यातही आली. पाचव्यात आली ती थांबेचना. बारा दिवस, मोठ्या गाठी. सहाव्यात पुन्हा तेच. घरच्या चार पायऱ्या चढले तरी छाती धडधडायची. आणि एक विचित्र सवय लागली: सुपात पाखडायला घेतलेले कच्चे तांदूळ मी चिमूट चिमूट तोंडात टाकायचे. जाऊबाईंनी एकदा हात धरला. मला लाज वाटली, मी कुणाला सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

बेळगावच्या त्या मोठ्या दवाखान्यात सर्जन गुरुवारी बसतात, स्त्रीरोगवाले सोमवारी. खानापूरहून सकाळी सातच्या गाडीनं निघाले, उद्यमबागेत गाडी अडकली, रांगेत माझा नंबर ५८वा. सर्जननी टाके, वजन, जेवण सगळं बघितलं, म्हणाले उत्तम चाललंय. अंगावरून जाण्याचं काढलं तर, ‘‘ते आमच्याकडे नाही, स्त्रीरोगला दाखवा.’’ खाली खिडकीवर तोच कागद सरकवला. खिडकीतला माणूस न बघताच म्हणाला, ‘‘आक्का, एका कागदावर एकच डिपार्टमेंट. सोमवारी या, नवीन काढा.’’

सोमवारी गेले. नवा कागद, नवी फी. ऑपरेशनचे कागद दुसऱ्या फायलीत, ती फाइल रेकॉर्ड रूममध्ये, आणि रेकॉर्ड रूम ती फक्त सर्जरीच्या ओपीडीला देणार. आतल्या डॉक्टरबाईंनी पीसीओएस ऐकलं आणि नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या लिहिल्या. मग स्लीव्ह झालंय म्हटल्यावर पेन थांबलं. ‘‘मग आधी सर्जनना विचारा चालतील का.’’ पुन्हा गुरुवार. पुन्हा तीच खिडकी, तेच वाक्य. पुढच्या सोमवारी डॉक्टर शिबिराला गेलेल्या, हे साडेअकराला कळलं. त्या दिवशी बसस्टँडच्या बाकावर मला घेरी आली आणि एका अनोळखी मावशींनी डोक्याला पदरानं वारा घातला. माझ्या अंगातून रक्त जात होतं आणि मी चिठ्ठीचा रंग कुठला ते बघत फिरत होते.

सुटका केली एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं. पाचव्या आठवड्यात, गुरुवारी. तिनं माझ्या पिशवीतले तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, ‘‘कच्चे तांदूळ, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?’’ इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हिमोग्लोबिन ७.९, फेरिटिन ६. शरीरातला लोहाचा साठा रिकामा झाला होता.

तिनं समजावलं ते असं. जठर लहान झालं की आम्ल कमी, खाणं कमी, त्यामुळे लोह नीट शोषलं जात नाही. दुसरीकडे वर्षानुवर्षं पाळी न आल्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहिलेलं, ते आता जोरात सुटत होतं. एक बाजू सर्जरीची, एक स्त्रीरोगची. मधली जागा कुणाचीच नव्हती. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला निघाला. लोह शिरेतून दिलं, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. दुसऱ्या सलाइननंतर काही दिवसांतच तांदळाची ओढ गेली.

नंतर गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवून घेतलं. रक्तस्राव कमी होतो, अस्तर पातळ राहतं, आणि जठराशी त्याचा संबंध नाही. गर्भनिरोधन हवंच होतं. वजन उतरलं की पीसीओएसवालीचं अंडं अचानक सुटायला लागतं, आणि ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नका असं सांगतात. ‘आपल्याला कुठं राहतात’ या भरवशावर कुणी राहू नका. सासूबाईंना हे समजावणं मला जड गेलं, पण त्यांनी ऐकलं.

लोहाची गोळी मी सकाळी लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा नंतर तासाभरानं. कॅल्शियम दुपारी, कारण दोन्हीत किमान दोन तासांचं अंतर लागतं. कॅल्शियममध्ये सायट्रेटचं मागा, कमी आम्लातही ते शोषलं जातं. बी १२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घेत राहायचं. चौथ्या महिन्यात डोक्यावरचे केस झडले तेव्हा मला वाटलं पीसीओएस उलटलं. ते झपाट्यानं वजन उतरल्यामुळे होतं, आता परत येताहेत. हनुवटीवरचे मात्र गेले नाहीत, जाणारही नाहीत आपोआप. मान उजळली.

पाळीत पोट दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिकची गोळी घेऊ नका, जठराला व्रण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं. लग्नात गोड कुंदा कुणी आग्रहानं वाढला तर मी अर्धा चमचा घेते. एकदा जास्त खाल्ला आणि घाम फुटून मांडवातच आडवी झाले.

विम्याचं राहिलं. माझा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४२ होता म्हणून मंजूर झालं. ३५ ते ४० मध्ये असाल तर नियमात गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात नसलेला मधुमेह अशा अटी आहेत. पीसीओएस त्या यादीत नाही. अर्ज करण्याआधी मधुमेहाची आणि झोपेची तपासणी करून घ्या.

आणि फाइल दवाखान्यात ठेवू नका. डिस्चार्ज कार्डाच्या मी पाच झेरॉक्स काढल्यात, वर मोठ्या अक्षरात लाल पेनानं ‘स्लीव्ह झालंय’ आणि ‘पीसीओएस’ शेजारी शेजारी लिहिलंय. पुढची फेरिटिन ऑगस्टमध्ये आहे. त्या मुलीला विचारून त्या दिवशी दोन्ही डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि तिनं ती एकाच कागदावर लिहून दिली आहे.