भुसावळच्या इन्स्टिट्यूट हॉलमधला रॉक अँड रोल

भुसावळ म्हटलं की केळी, भरीत, मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन आणि जंक्शन. गिटार वगैरे डोक्यात येतच नाही कुणाच्या. पण मित्राच्या साखरपुड्यासाठी रेल्वेचा जुना इन्स्टिट्यूट हॉल, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचा हॉल, बघायला गेलो, मित्र भाड्याची घासाघीस करत बसला आणि मी आपला उगाच स्टेजच्या मागे डोकावलो, तिथे अडगळीत कॅरमबोर्ड, मोडक्या खुर्च्या आणि त्याखाली एक बेस ड्रम, कातडं फाटलेलं, पुढच्या बाजूला इंग्रजीत रंगवलेलं बँडचं नाव, तेही इतकं खरवडलेलं की शेवटची दोन अक्षरंच वाचता आली.

तिथे बसलेले एक रिटायर्ड ड्रायव्हर काका म्हणाले, "तुले काय सांगू भो, ख्रिसमसले इथं पहाटपर्यंत डान्स चाले!" हॉलची जमीन सागाच्या पट्ट्यांची आहे, त्यावर पावडर टाकायचे म्हणे, बूट सरकायला. आधी वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट, मग साठच्या दशकात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांच्या पोरांनी गिटारी घेतल्या आणि म्हातारे वैतागले. फॉरेनची गिटार मिळणार कुठून, कस्टम ड्युटीच परवडायची नाही, मग पिकअपची (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) कॉइल घरीच गुंडाळायची, आणि अँप, म्हणजे अँप्लिफायर, रेडिओ रिपेअरवाल्याकडून वॉल्व्ह बसवून. रेकॉर्ड मुंबईहून यायच्या, मेलच्या गार्डाबरोबर. मला सगळ्यात हे आवडलं, कारण कलकत्ता काय नि अलाहाबाद काय, दोन्हीकडच्या गाड्या इथूनच फुटतात.

आणि हे काही फक्त भुसावळचं नाही. इंग्लंडचा रॉक अँड रोल गायक क्लिफ रिचर्ड, जन्म १९४० लखनौ, खरं नाव हॅरी वेब, त्याचे वडील रेल्वेला खाणं पुरवणाऱ्या कंपनीत होते, १९४८ला सगळे इंग्लंडला गेले. बीटल्सचा रिंगोच्या आधीचा ड्रमर पीट बेस्ट, तो जन्मला मद्रासला. आपल्याकडे मात्र भारतीय रॉकचा विषय निघाला की १९७०-७१ची बँडांची सिमला बीट स्पर्धा, १९८४चा रॉक मशीन बँड, १९८६ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, मुंबईचं खुलं नाट्यगृह रंगभवन, बस संपला इतिहास. रेल्वे कॉलन्यांमधल्या या हॉलांचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते सुरुवात शोधायची तर ती इथेच शोधायला पाहिजे, कारण पगारी माणसं, तयार स्टेज आणि नाचणारं पब्लिक हे तिन्ही एकत्र अजून कुठे होतं?

मग ती पोरं गेली कुठे विचारलं तर काका म्हणाले, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, एकेक घर रिकामं होत गेलं. त्यांचा अँप बनवणारा रेडिओवाला मात्र इथेच राहिला आणि पुढे लग्नाच्या बेंजो पार्ट्यांचे बेंजो (बटणं दाबून वाजवायचं आपल्याकडचं तारवाद्य) इलेक्ट्रिक करून द्यायला लागला. आता खान्देशातल्या वरातीत तो कर्णा फाटेस्तोवर वाजणारा बेंजो ऐकून पुण्याचे पाहुणे कानात बोटं घालतात, पण रॉक गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, डिस्टॉर्शन, म्हणजे दुसरं काय असतं हो? (आमचे बेंजोवाले त्याला 'आवाज फोडणं' म्हणतात, एवढंच.)

हॉलमध्ये आता फरशी बसवायचं चाललंय असं ऐकलं. सागाच्या पट्ट्या भंगारवाल्याकडे जायच्या आधी तिथले फोटो काढून ठेवतोय, आणि ड्रम मागितलाय, अजून हो म्हटलेलं नाही. भुसावळ, मनमाड, इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतल्या कुणाच्या घरी त्या काळचे डान्सचे फोटो असतील तर कळवा, स्कॅन करून अल्बम तसाच परत करेन.