तुम्ही विचारलंत म्हणून: मिस्साला बसून मी काय करते

दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. बिल्डिंगमधल्या काकू, माहेरची मंडळी, परवा तर लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाई, की तुम्ही हिंदू, कॉन्व्हेंटमध्ये मराठी शिकवता, तुमचं वर्ष म्हणे मिस्साने, म्हणजे कॅथलिक लोकांच्या सामूहिक प्रार्थनेने सुरू होतं, मग तुम्ही तिथे काय करता, जबरदस्ती असते का हो.

नाही, अजिबात नाही. मुलांच्या बाबतीत तर घटनेच्या 28व्या कलमातच आहे की सरकारमान्य शाळेत संमतीशिवाय कोणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, म्हणून कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की बाकीची व्हॅल्यू एज्युकेशनला आमच्याकडे असतात. मिस्साला मी माझ्या मनाने बसते. शाळा उघडायच्या एक-दोन दिवस आधी, फक्त टीचर्स आलेल्या, बाहेर पाऊस, चॅपलच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. मिस्सा पवित्र आत्म्याची, त्यामुळे फादरांचा झगा लाल, आणि तो लाल अग्नीच्या जिभांचा, कारण पवित्र आत्मा त्या रूपात उतरला असं ते मानतात, हे मला सिस्टरनी पहिल्याच वर्षी शेजारी बसून समजावलं होतं. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला रांग लागते, ते माझ्यासाठी नाही, मी बाकावरच बसते आणि तेवढ्या वेळात नव्या वर्गाच्या कॅटलॉगमधली नावं मनात म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

नावंच का, तर एका मुलामुळे.

सात-आठ वर्षं झाली असतील, पाचवीचा वर्ग होता. आडनाव पोर्तुगीज वळणाचं, घर वांद्र्याला चिंबईत. मी धरूनच चालले की घरी इंग्लिश नाहीतर कोकणी असणार, ह्याला मराठी कुठून येणार, आणि पहिल्याच दिवशी त्याला कच्च्या मुलांच्या रांगेत बसवून मुळाक्षरांची वही दिली. तो काही बोलला नाही. आठवडाभर अ आ इ ई गिरवत बसला. मग एक दिवस सुट्टीत काय केलंत ते सांगा म्हटलं तर हा उठला आणि आजीच्या बॉटल मसाल्याचं सांगायला लागला, मे महिन्यात मिरच्या कशा वाळत घातल्या, आजी लुगडं खोचून कशी बसली, बियरच्या तपकिरी बाटल्या धुऊन उन्हात पार कोरड्या केल्या आणि मसाला लाकडी दांडीने ठासून ठासून भरला, हवा राहिली तर वर्षभर टिकत नाही, हे सांगताना हाताने दाबून दाखवत होता. सगळं मराठीत. पुस्तकातलं नाही, त्याच्या घरचं.

तो ईस्ट इंडियन होता. ईस्ट इंडियन म्हणजे मूळची इथलीच ख्रिश्चन माणसं, मुंबई, साष्टी, वसईची. ते नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा घेतलं, गोव्याहून मंगळूरहून कामाला येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे कळावं म्हणून. लग्नात उंबराचं पाणी आणतात ते लोक. मी जन्माने मुंबईकर, मराठीची शिक्षिका, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वही परत घेतली, वर्गासमोर त्याला सॉरी म्हटलं, पण तो आठवडा काही परत देता आला नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून पहिल्या आठवड्यात मी पुस्तक उघडत नाही. 2020च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, व्हायलाच हवी होती, पण कायद्याने मूल तोंड उघडत नाही ना. मी एकेकाजवळ जाऊन विचारते, तुझं नाव घरी कसं म्हणतात, मला शिकव, आणि तुझ्या आसपास मराठी कोण बोलतं. कोणी म्हणतं आमच्या मावशी, कामाला येतात त्या, कोणी म्हणतं वॉचमन काका, कोणी अगदी हळू आवाजात म्हणतं की माझी आजी, पण ती आता नाहीये. ते सगळं मी माझ्या वहीत नावापुढे देवनागरीत लिहून ठेवते, उच्चार जसा त्यांनी सांगितला तसा.

यंदा यादीत 52 नावं आहेत. चौतिसाव्यापर्यंत आले आणि गाणं संपलं, सगळे उभे राहिले. उरलेली अठरा मी दारात छत्री शोधता शोधता म्हटली.