तुम्ही विचारलंत म्हणून: कांदा वाळवायला ड्रायर कोणता घ्यायचा?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, दिंडोरीकडच्या शेतकरी बायका उद्योजकता प्रशिक्षण संपलं की हमखास हेच विचारतात. आमचं म्हणणं, ड्रायर नंतर. आधी १० किलो कांदा वाळवा आणि खर्च वहीत मांडा.

धरा, कांदा १५ रुपये किलो. घरच्या शेतातला असला तरी त्या दिवशीच्या लासलगावच्या भावानेच लिहायचा. झाले १५० रुपये. साल, माना, सडका भाग काढून ९ किलो उरतो, आणि आपला लाल कांदा पाणीदार, त्यामुळे वाळून जेमतेम १ किलो हाती येतो. सोलायला-चिरायला ३ तास, तासाला ५० प्रमाणे १५० रुपये. ही ओळ वहीत बहुतेकदा नसतेच! स्वतःची मजुरी शून्य धरली की धंदा फायद्यात दिसतो. ऑर्डर वाढून शेजारणीला रोजाने बोलावलं की तोटा उघडा पडतो. १०० ग्रॅमच्या दहा पाकिटांना लेबलसकट ६० रुपये, वीज-वाहतूक ४०. एकूण ४००, म्हणजे पाकिटामागे ४० रुपये. छापील किंमत ५५ ठेवून दुकानदाराला २५ टक्के दिले की सुटतो फक्त सव्वा रुपया. आठवडे बाजारात स्वतः विकलं तर १५ रुपये. तेव्हा माल कुठे विकणार, हे मशीनच्या आधी ठरवा.

काप ३ मिलिमीटरचे, सगळे सारखे हवेत. जाड काप वरून कुरकुरीत होतो पण आत ओला राहतो, आणि तेवढ्यावरून अख्ख्या पाकिटाला बुरशी लागते. तापमान ५५ ते ६० अंश. गरम काप वाळलेला असूनही लवतो, म्हणून गार करून मोडून बघा, कटकन तुटला पाहिजे. गरम भरलात तर पाकिटाला आतून घाम सुटतो. पावडर हवेतली ओल ओढून गोळा होते. पावसाळ्यात काप तसेच ठेवा, मागणी आली की दळा.

पेठ-सुरगाण्याच्या बायकांनी मात्र कांद्यामागे लागू नये. घरची नागली (नाचणी) सोडून विकतचा कांदा कशाला वाळवायचा?

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून अडून राहू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, फी लागत नाही. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेतलं अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं असतं, रोख हातात पडत नाही. त्यामुळे कर्जाचा हप्ताही त्याच वहीत, पाकिटामागे किती पडतो ते काढून लिहा.