बुवांचा आवाज गेला कुठं?

आमच्या मांडवातून बेळगावजवळचा राजहंसगड दिसतो, आणि गडापर्यंत ऐकू जावं एवढी आमच्या पारायण मंडळाची हौस. मंडळाचा स्वतःचा आठ चॅनेलचा मिक्सर आहे, एक अँपली, दोन बॉक्स आणि पिंपळाला बांधलेला एक कर्णा. वायरी ओढणारा पोरगा यंदा पुण्याला कामाला लागला. "पतसंस्थेत कॉम्प्युटर चालवतीस न्हवं, मग हे पण बघ की," म्हणून मामंजींनी सगळं माझ्या गळ्यात घातलं. पतसंस्थेत मी जमाखर्च लिहिते. मिक्सरचा आणि माझा संबंध चटणीपुरता.

हरिपाठ संपल्यावर कीर्तनकार येईपर्यंत मोबाईलवरचे अभंग लावायचे, एवढंच काम. डब्यात एक वायर होती, एका टोकाला मोबाईलची ३.५ मिलिमीटरची छोटी पिन, दुसऱ्या टोकाला मोठी. मोठी पिन तीन नंबरच्या लाइनला घातली, अभंग लावला. टाळ आले. मागचा कोरस आला. पेटी आली, पण विहिरीच्या तळातून आल्यागत. गाणाऱ्या बुवांचा मात्र पत्ताच नाही.

"बुवा कुठं गेले गं? चहाला?" पुढच्या सतरंजीवरून तात्या.

बॉक्स उचलायला आलेला पोरगा कानडीत म्हणाला, "वायर होग्यद, अक्का," म्हणजे वायर गेली. त्यानं त्याची नवी वायर दिली. तेच. चॅनेल बदलला, मोबाईल बदलला, तेच. मग तात्यांनी त्यांच्या आवडीचं जुनं, मोनोच्या काळातलं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं, तर एकदम सामसूम. मोबाईलवर गाणं पुढं सरकतंय, बॉक्समधून चकार शब्द नाही. पुतण्यानं शहाणपणानं मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू केलं आणि नवे अभंगसुद्धा गप्प झाले. शेवटी माईक मोबाईलच्या स्पीकरसमोर धरून वेळ मारून नेली. लाज वाटली.

रात्री झोप लागेना. जुनं गाणं पूर्ण गायब, नव्यातला फक्त गायक गायब, आणि मोनो केल्यावर नवंही गायब. म्हणजे काहीतरी बिघडलेलं नव्हतं, कुठंतरी हिशेब होत होता.

होतच होता. माईकच्या वायरीत आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत तोच उलटा. वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्हीत सारखीच असते. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो, मग आवाज दुप्पट होतो आणि घरघर उडते. आमच्या मिक्सरच्या मोठ्या पिनेच्या लाइनलाही हीच वजाबाकी आहे. मोबाईलच्या पिनेवरही त्या मोठ्या पिनेसारखेच तीन भाग दिसतात, पण टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा आणि बुडाला ग्राउंड. मिक्सर बिचारा डाव्यातून उजवा वजा करत बसला. स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेल्या, गाण्यात गायकाला बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखाच ठेवतात. जमेला शंभर, नावे शंभर, शिल्लक शून्य. टाळ आणि कोरस एका अंगाला जास्त होते म्हणून तेवढे उरले. तात्यांच्या जुन्या गाण्यात, म्हणजे मोनोत, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, मग उरणार काय?

दुसऱ्या दिवशी बेळगावात जाऊन केबल आणली. एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन, दुसऱ्याला दोन वेगवेगळ्या मोनो मोठ्या पिना. त्या पाच आणि सहा नंबरला घातल्या, म्हणजे डाव्यातून उजवा वजा व्हायचा प्रश्नच नाही. घेताना नीट बघा, दुकानदार 'ऑक्स वायर' म्हणून काहीही हातात देतो. ज्या मोबाईलला गोल भोकच नाही त्याला टाइप-सीचा जोड लागतो, आणि स्वस्तातला जोड सगळ्याच मोबाईलला चालत नाही. दुकानातच लावून बघा.

बाकीचं रोजच्या सवयीनं कळलं. मोबाईलचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवायचा आणि मिक्सरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायचं बटण, शून्यापासून हळूहळू वाढवायचा. चार्जर लावला की आमच्याकडं बारीक हूंऽऽ सुरू व्हायचं, म्हणून चार्जिंग घरूनच करून न्यायचं. ब्लूटूथ आहे, पण मधे माणसं दाटीनं बसली की ते तुटतं. आणि फ्लाइट मोड विसरायचा नाही. एकदा मी विसरले आणि ऐन अभंगात माझ्या माहेरचा फोन कर्ण्यावर वाजला.

त्या संध्याकाळी पहिलं तात्यांचंच गाणं लावलं. तात्यांनी मांडीवर ताल धरला, कडव्यानंतर मागं वळून म्हणाले, "आले बघ चहा पिऊन."

ती केबल गणपतीत गल्लीतल्या पोरांनी नेली. अजून परत आलेली नाही.